ओठावरचा जर : काउंटरवरच्या एका कागदाच्या नोंदी
कोल्हापूर, मार्च ते मे २०२५

३ मार्च
कागद करायचं ठरलं. ए-फोर, एकच पान, मोठा टाईप. एक प्रत मेडिकलच्या काउंटरच्या काचेखाली, दुसरी मागच्या बोळातल्या तालमीच्या फळ्यावर. विषय : ओठावर जर उठला, म्हणजे पाण्याच्या फोडांचा झुपका आला, तर घरी काय करायचं. ऊन तापायला लागलं की ही गिऱ्हाइकं वाढतात आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसलं की मागची रांग ओरडते. सध्या डी.फार्म.ची एक मुलगी पाचशे तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग करायला आमच्याकडे आहे. तिला वही दिली. ओठाची तक्रार घेऊन कोण आलं, काय म्हणालं, येण्याआधी घरी काय लावलं, एवढं टिपायचं. नाव-पत्ता लिहायचा नाही.

८ मार्च
वही वाचायला बसले आणि हसू आवरेना. खाण्याचा चुना, टूथपेस्ट, हळद आणि तूप, खोबरेल तेलात कापूर, तुरटीचा खडा, कोथिंबिरीचा रस, कोरफड. एका मावशींनी काहीच लावलं नव्हतं, कारण "रात्री पाल फिरली ओठावरनं, ती आपसूक जाती." खरं सांगायचं तर त्या मावशींचा ओठ सगळ्यांत नीट होता.

चुन्याचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. चुना लावलेल्या माणसाच्या वरच्या ओठावर फोडांच्या भोवतीने पांढुरकी, भाजल्यासारखी कड होती. मधले फोड मटकीच्या दाण्याएवढे, चार-पाच एकाला एक चिकटून, आत पाणी, ते जराचे. कड चुन्याची. दोन दुखणी एका ओठावर. टूथपेस्टचंही थोडंफार हेच. गार लागतं म्हणून बरं वाटतं, पण कातडी कोरडी पडते आणि खपली तडकून पुन्हा रक्त येतं. हे दोन्ही 'लावू नका' मध्ये टाकायचं. हळदीबद्दल भांडत बसायचं नाही. ओठ पिवळा होतो, यापलीकडे तिच्याविरुद्ध किंवा तिच्या बाजूने ठामपणे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

११ मार्च
वहीतल्या बऱ्याच तक्रारी मुळात जराच्या नाहीतच. तोंड आलेलं असतं, म्हणजे गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला पांढरट खोलगट व्रण. तो संसर्गाचा नसतो आणि त्याला जरावरचं मलम, ॲसायक्लोव्हिर, लावून उपयोग शून्य. काहींचे ओठांचे दोन्ही कोपरे उललेले असतात. त्यामागे बुरशी, लोह किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता, नाहीतर नीट न बसणारी कवळी असते. काहींना नागीण वाटते. नागिणीचा विषाणू वेगळा, कांजिण्यांचा. ती चेहऱ्यावर उठली तर एकाच अंगाला पट्ट्यासारखी पसरते आणि ठणका जबर असतो. तशी शंका आली तर काउंटरवर थांबवायचं नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवायचं.

मुलीला तीन प्रश्न ठरवून दिले. फोड ओठाच्या बाहेरच्या कडेला आहेत का? उठायच्या आधी तिथे चुरचुर, खाज किंवा ताण जाणवला का? पूर्वी याच जागी उठलं होतं का? तिन्हीला 'हो' आलं तर तो बहुतेक जरच. कागदाची सुरुवातही याच तीन प्रश्नांनी करायची.

१७ मार्च
आजचा दिवस 'घरातल्या ट्यूब'वर गेला.

वहीत हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. घरातली ट्यूब म्हणजे कपाटात पडलेलं, गजकर्णासाठी कोणीतरी आणलेलं, शेपटाकडून गुंडाळत आणलेलं मलम. त्यात एक बुरशीचं औषध, एक प्रतिजैविक आणि एक तगडं स्टिरॉइड असं मिश्रण असतं. खाज तासाभरात थांबते, म्हणून घराघरात त्याच्यावर विश्वास. जराच्या विषाणूविरुद्ध त्यातल्या पहिल्या दोघांचा काडीचा उपयोग नाही, आणि तिसरं तर शरीराची तिथली लढायची ताकदच दाबून टाकतं. लाली उतरलेली दिसते, आत विषाणू मोकाट वाढतो, फोड पसरतात आणि लांबतात. चेहऱ्याची कातडी पातळ होते ते वेगळंच.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याआधी बाहेरून लावायचं औषध म्हणून ती सवलतीतून सुटत होती. नियम आहे, पण कपाटातल्या जुन्या ट्यूबला नियम कोण दाखवणार? म्हणून कागदावर हे वाक्य सगळ्यांत ठळक : "गजकर्णाची, खाजेची, गोरं होण्याची ट्यूब ओठावरच्या फोडांना लावू नका." 'गोरं होण्याची' हे मुलीने सुचवलं. बरोबर आहे, त्यातही बऱ्याचदा तेच असतं.

२४ मार्च
कागदाचा गाभा आज लिहिला : वेळ.

जराचा विषाणू, हर्पिस सिम्प्लेक्स एक, बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो. कोणाच्या तरी पापीतून, उष्ट्या पेल्यातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या जगभरातल्या ३८० कोटी लोकांत तो आहे, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांत. पहिला हल्ला ओसरला की तो चेहऱ्याच्या संवेदनांचा मज्जातंतू जिथून निघतो त्या गाठीत, कवटीच्या तळाशी जाऊन बसतो. ताप, कडक ऊन, पाळी, जागरण, दाताचं काम असं काही निमित्त मिळालं की त्याच मज्जातंतूवरून पुन्हा ओठापर्यंत येतो. त्याला तिथून कायमचं हुसकावून लावणारं औषध आजच्या घडीला कोणाकडेच नाही, त्यामुळे 'मुळापासून बरा' असं लिहिलेली बाटली कोणी दिली तर घेऊ नये.

क्रम साधारण ठरलेला आहे. आधी काही तास ते दिवसभर चुरचुर. मग लाल उंचवटा, त्यावर पाण्याचे फोड. एक-दोन दिवसांत ते फुटतात आणि जागा ओली, दुखरी होते. दुसऱ्याला सगळ्यांत जास्त लागण होते ती याच वेळी. मग पिवळसर-तपकिरी खपली. सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, डाग न ठेवता साफ. काहीही न लावता.

हे शेवटचे तीन शब्द माझ्यासारख्या मेडिकलवालीने लिहायचे म्हणजे धंद्याला मारक. पण त्याशिवाय औषधाची किंमत कळत नाही. ॲसायक्लोव्हिरचं पाच टक्क्यांचं मलम दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावलं तर मोठ्या चाचण्यांत फरक पडला तो सरासरी अर्ध्या दिवसाचा. फोड यायचे ते आलेच. म्हणजे चुरचुर सुरू झाल्याबरोबर लावलं तर थोडं पदरात पडतं. खपली धरल्यावर लावणं म्हणजे पैसे ओठाला पुसणं. औषध विषाणूच्या प्रती काढण्याचं काम थांबवतं, आणि खपली धरेपर्यंत ते काम उरकलेलं असतं. राहते ती शरीराची डागडुजी, तिच्यात या औषधाचा हात नाही.

मुलीने विचारलं, विषाणूला मारतं तर आपल्या पेशींना का नाही? छान प्रश्न. ॲसायक्लोव्हिर शरीरात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. त्याला पहिला फॉस्फेट चिकटवून जागं करतं ते विषाणूचंच एक एन्झाइम, थायमिडीन कायनेज. आपल्या निरोगी पेशीत हे काम जवळपास होतच नाही. त्यामुळे औषध जागं होतं ते फक्त विषाणू घुसलेल्या पेशीत आणि तिथे डीएनएची साखळी मध्येच तोडतं. बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन यांच्या चमूने सत्तरच्या दशकात हे काम केलं. १९८८ चं नोबेल मिळालेल्या तिघांत त्या होत्या. त्यांना पीएच.डी. करता आली नव्हती, हेही मुलीला सांगितलं. तेव्हापासून ती वहीत जरा जास्त नीट लिहिते, असं मला उगीच वाटतं.

वारंवार आणि जोरात उठणाऱ्यांसाठी व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या आहेत : चुरचुर होताच २ ग्रॅम आणि बारा तासांनी पुन्हा २ ग्रॅम, बस. एका दिवसाचा कोर्स. दुखणं साधारण एक दिवस कमी होतं. पण चिठ्ठीशिवाय नाही, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना मात्रा बदलावी लागते. कागदावर मात्रा छापायची नाही. "वर्षात पाच-सहा वेळा उठत असेल तर डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारा," एवढंच.

२ एप्रिल
पाडव्याच्या गडबडीत काम मागे पडलं. आज घरगुती उपायांचा भाग.

मधाबद्दल लोक हमखास विचारतात आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही आहे. न्यूझीलंडमध्ये मेडिकल दुकानांतूनच माणसं घेऊन चाचणी केली होती. २०१९ मध्ये छापून आली. ९५२ जण. निम्म्यांना ॲसायक्लोव्हिरचं मलम, निम्म्यांना तिथल्या कानुका झाडाचा वैद्यकीय दर्जाचा मध. मलमवाले साधारण आठ दिवसांत बरे झाले, मधवाले नऊ दिवसांत. फरक दखल घेण्याजोगा नाही. याचा अर्थ मध जादू करतो असा घेता येईल, किंवा मलमही फार मोठं काही करत नाही असाही. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. आणि तो मध निर्जंतुक केलेला होता. फडताळातल्या बाटलीला तीच पत देता येणार नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ तर मध नेऊच नये.

लायसिन नावाच्या अमिनो आम्लाच्या गोळ्यांनी जर उठायचा टळतो, असा भक्कम पुरावा नाही. आमच्याकडे त्या कपाटात आहेत, तरी कागदावर घेत नाही.

राहिलं काय? स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पाच-दहा मिनिटं, ठणका कमी करायला. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. खपली तडकू नये म्हणून व्हॅसलीन, पण डबीत बोट न घालता. कापसाच्या काडीने थोडं काढून घ्यायचं. फोड फोडायचा नाही, खपली सोलायची नाही. तिखट, आंबट, खारट चार दिवस बेताने. हे वाक्य कोल्हापुरात लिहायला धाडस लागतं. काल एक गिऱ्हाईक फुटलेल्या फोडावर कटाची मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी काढत आलं होतं. "लिंबू पिळलंत का?" विचारलं, तर म्हणे, "त्याशिवाय कशी खायची?"

७ एप्रिल
तालमीत गेले. खरं म्हणजे हा कागद तिथे जास्त लागणार आहे, आणि कारण ओठापुरतं नाही.

कुस्तीत गाल गालाला, मान मानेला घासते. कातडी खरचटलेली असते, घाम असतो. ओठावरचा जर दुसऱ्याच्या कपाळावर, कानशिलावर, मानेवर उठतो. अमेरिकेत याला १९६४ पासून वेगळं नाव आहे, हर्पिस ग्लॅडिएटोरम. १९८९ च्या उन्हाळ्यात मिनेसोटामधल्या चार आठवड्यांच्या कुस्ती शिबिरात १७५ मुलांपैकी ६० जणांना झाला होता, बहुतेकांच्या डोक्या-चेहऱ्यावर.

वस्तादांना हे आकडे सांगितले तर म्हणाले, "ते मॅटवर खेळत्यात. आमच्या हौद्यातल्या मातीत हळद, ताक, कापूर, लिंबू सगळं पडतंय." मी म्हटलं, "वस्ताद, हा मातीतनं येत नाही, माणसाच्या कातडीवरनं येतो. माती कितीही चांगली असू दे." ते गप्प राहिले, मग एका पोराला हाक मारून त्याची हनुवटी वर केली. खालच्या ओठावर ताजे फोड, एक फुटलेला. "ह्येला?"

"ह्याला आज जोड धरू देऊ नका."

अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत नियम कडक आहेत : नवा फोड येऊन किमान ७२ तास उलटलेले, सगळ्यांवर घट्ट खपली, किमान पाच दिवस गोळ्यांचं औषध चालू, आणि ओले फोड पट्टीने झाकून उतरता येणार नाही. आपल्याकडे वस्ताद म्हणतील तो नियम. बराच वेळ घासाघीस होऊन ठरलं : ओला फोड दिसला की लढत बंद, जोर, बैठका, दोर, पळणं चालू. खपली पूर्ण सुकली की माती. टॉवेल, लंगोट, पाण्याचा तांब्या ज्याचा त्याचा. तांब्यावरून पोरांनी कुरकुर केली. इतकी वर्षं एकाच तांब्याने पिणारी पोरं, त्यांचंही बरोबर आहे. पण वरून ओतून प्यायला काय हरकत आहे?

वस्तादांना एकच पटत नव्हतं, की औषध पहिल्या दिवशीच का. वेळेचं सगळं पुन्हा सांगितलं. "म्हंजे पटाला हात घालायच्या आदीच तोडायचा," ते म्हणाले (पट म्हणजे पाय धरून पाडायचा डाव), "खाली गेल्यावर मग नुसता दम काढायचा." हे वाक्य तालमीच्या प्रतीवर घ्यायची त्यांची परवानगी घेतली.

१५ एप्रिल
जोतिबाची यात्रा शनिवारी झाली. काल-आज काउंटरवर त्याचाच परिणाम. भाजलेले नाक-कान, गुलालाने लाल झालेले भुवयांचे कोपरे आणि ओठावर जर. सासनकाठी धरून दिवसभर उन्हात उभं राहायचं, पाणी कमी, झोप नाही. विषाणूला याहून चांगलं आवतण नको.

उन्हाचं कारण नुसतं ऐकीव नाही. १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या प्रयोगात, ज्यांना जर उठतो अशा लोकांच्या ओठावर मुद्दाम अतिनील किरण सोडले. साधं मलम लावलेल्या ३८ जणांपैकी २७ जणांना फोड आले. सनस्क्रीन लावलेल्यांत एकालाही नाही. प्रयोगशाळेतलं ऊन आणि डोंगरावरचं ऊन सारखं नसतं, आणि प्रत्यक्ष उन्हात केलेल्या चाचण्या इतक्या एकमुखी नाहीत. तरी ज्याला दर उन्हाळ्यात उठतो त्याने एसपीएफ ३० चा लिप बाम खिशात ठेवणं, दोन तासांनी आणि पाणी प्यायल्यावर पुन्हा लावणं, टोपी घालणं, हे मलमाच्या ट्यूबपेक्षा शहाणपणाचं.

अडचण वेगळीच निघाली. पोरं लिप बाम लावत नाहीत. "बायकांचं हाय ते." गुलाबी झाकणाच्या कांड्या मागच्या फळीवर टाकल्या आणि वास-रंग नसलेल्या पांढऱ्या नळ्या शेव्हिंग क्रीमच्या शेजारी मांडल्या. बघू.

२२ एप्रिल
ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मसुदा तपासून दिला. त्यांच्या लाल पेनाने 'डॉक्टरकडे कधी जायचं' हा भाग दुप्पट झाला, आणि तो तसाच ठेवला.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. विषाणू बुबुळावर गेला तर नजरेवर बेततं. डोळ्यात घरातले कुठलेही थेंब टाकायचे नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी तर हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नये. अंगावर इसब असलेल्याला फोड पसरायला लागले आणि ताप आला, तर ताबडतोब. केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, एचआयव्ही असलेले : यांनी घरी वाट बघू नये. दोन आठवड्यांत बरं न झालेलं काहीही दाखवावं.

लहान मुलाचा पहिलाच हल्ला असेल तर चित्र निराळं. ताप, हिरड्या सुजलेल्या, तोंडभर फोड, लाळ गळते, पाणीसुद्धा पीत नाही. तिथे धोका फोडांचा नसून पाणी कमी होण्याचा. लघवी कमी झाली की दवाखाना. आणि मुलाला ॲस्पिरिन द्यायचं नाही.

तान्ह्या बाळाचं त्यांनी स्वतःच्या अक्षरात समासात लिहिलं होतं : "हे सर्वात वर घ्या." पहिल्या महिना-दीड महिन्यात बाळाला हा विषाणू लागला तर मेंदू आणि यकृतापर्यंत जाऊ शकतो, जीव जाऊ शकतो. ओठावर फोड असलेल्याने बारशाला बाळाची पापी घ्यायची नाही, मग ती आत्या असो की आजी. आत्याला हे कोण सांगणार, हा प्रश्न राहतोच. म्हणून वाक्य असं केलं : "ओठावर फोड असेल तर बाळाला लांबूनच बघा. बाळाच्या आईने हा कागद दाखवला तर रागावू नका." गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आयुष्यात पहिल्यांदाच फोड आले, तर तेही लगेच डॉक्टरांना सांगायचं.

२ मे
छापून आला. पिवळा कागद नको म्हटलं होतं, पिवळाच मिळाला. लॅमिनेशन केलं. फोटो घातला नाही. फोडांचा मोठा रंगीत फोटो काउंटरवर कोणी बघत नाही, नजर वळवतात. त्याऐवजी मुलीने ओठाची चार साधी रेखाचित्रं काढली : चुरचुर, फोड, ओलं, खपली. पहिल्याखाली "मलम आत्ता", तिसऱ्याखाली "हात धुवा, पापी नाही, उष्टं नाही", चौथ्याखाली "व्हॅसलीन, सोलू नका". दुसऱ्याखाली काय लिहावं यावर आमचं एकमत होईना. शेवटी "फोडू नका".

९ मे
एक बाई कागद पूर्ण वाचून, चौथ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "माझं इथपर्यंत आलंय, म्हणजे तुमची ट्यूब नको ना?" नको म्हटलं. व्हॅसलीनची सगळ्यांत लहान डबी घेऊन गेल्या.

तालमीतल्या त्या पोराची खपली मागेच पडली, तो मातीत उतरला. त्याच्या जोडीदाराच्या कपाळावर मात्र फोडांचा झुपका उठलाय. कागद लागायच्या आधीच घासाघासी झाली असणार. भुवईच्या अगदी जवळ आहे, म्हणून वस्तादांनी स्वतः त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बुबुळ साफ आहे. गोळ्या चालू झाल्या.

कोपऱ्यावरचा सलूनवाला एक प्रत मागायला आला होता. त्याच्यासाठी खाली एक ओळ वाढवून दिली : ओठावर ओला फोड असलेल्याची दाढी खपली पडेपर्यंत करायची नाही, ब्लेड आणि टॉवेल दर गिऱ्हाइकाला नवा. दाढीबद्दल तो म्हणाला, "धंदा बुडवताय वहिनी." टॉवेलबद्दल काही बोलला नाही. पांढऱ्या लिप बामच्या नळ्या संपत आल्यात, नवी ऑर्डर टाकली.